निघाल्याची सनई

भाऊ चैत्रात गेला. सोमवार होता. सकाळी त्याने चहा घेतला, पेपर वाचला आणि खाटेवर आडवा झाला. दहा वाजता वहिनी त्याला उठवायला गेली. साडेदहाला मला जळगावात फोन आला. बारापर्यंत मी धरणगावात पोचले.

या गोष्टीला वर्ष उलटलं. आता पुन्हा आखाजी तोंडावर आली आहे. सकाळी नऊनंतर नळाचं पाणी हाताला चटका देतं. बाजाराच्या कोपऱ्यावर कुंभाराने लहानमोठ्या घागरी मांडल्या आहेत, शेजारी खरबुजांचा ढीग. काल जाता जाता मी एका घागरीवर टिचकी मारून पाहिली. ही सवय आईची. आवाज बद्द आला तर आई घागर जागेवर ठेवायची आणि कुंभाराला म्हणायची, "हिच्या पोटात दुखतंय रे भाऊ, दुसरी दे." मी घागर घेतली मात्र नाही. आमची घागर धरणगावात भरायची असते.

इतरत्र जिला अक्षय्य तृतीया म्हणतात ती आम्हा खान्देशातल्या लोकांची आखाजी. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोके बांधतात आणि दुपारभर गाणी म्हणतात. पुरुष पत्ते कुटतात, आणि त्या दिवशी त्यांना कोणी बोलत नाही. घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरायची, तिच्यावर खरबूज, आंबा, सांजोरी ठेवायची. शिवाय या दिवसाला मुहूर्त पाहावा लागत नाही, म्हणून गावोगावी लग्नं. आणि लग्नं म्हटली की आमचा भाऊ घराबाहेर. मी माहेरी आलेली आणि भाऊ कुठल्यातरी मांडवात, अशा कितीतरी आखाज्या गेल्या.

भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मॅट्रिकला तो दोनदा बसला आणि दोनदा परत आला. तिसऱ्यांदा बसण्याऐवजी त्याने रेकॉर्ड वाजवायचं मशीन, दोन भोंगे आणि एक बॅटरी जमवून लग्नांना लाऊडस्पीकर लावायचा धंदा काढला. शेजारचे दगडू नाना त्याचे जोडीदार. झाडावर चढून भोंगा बांधायचं काम नानांचं. खाली सतरंजीवर बसून रेकॉर्ड बदलायचं आणि माईकवर बोलायचं काम भाऊचं. बोलायला त्याला कारण लागत नसे. "नवरदेवाच्या मामांनी जिथे असतील तिथून मांडवात यावे. त्यांची एक चप्पल सापडली आहे. दुसरीचा शोध चालू आहे." अशी सूचना तो इतक्या गंभीर आवाजात द्यायचा की मामा खरोखर पायाकडे बघायचे.

मी तेव्हा उन्हाळ्याच्या सुटीत गच्चीवर, ओल्या चादरीच्या सावलीत पुस्तक घेऊन बसलेली असायची. खालून कोणी चार हाका मारल्या तरी ऐकू येत नसत. "आमच्या बाईला हाक मारायला भोंगाच लागतो," भाऊ म्हणायचा. बाई म्हणजे मी. आणि पुढे तो मला भोंग्यातून हाक मारायला लागलाही.

त्याचं कारण मांडे. आखाजीला आमच्याकडे पुरणाचे मांडे होतात. चुलीवर मातीचं खापर उपडं ठेवायचं, पोळी दोन्ही हातांवर फिरवत फिरवत परातीएवढी करायची आणि त्या खापरावर टाकायची. मांडा उतरला की लगेच खायचा, गार मांड्याला भाऊ चादर म्हणायचा. पण लग्नाहून तो कधी परतेल ते कळायचं कसं? घरात फोन नव्हता. आई वैतागायची. "तू कव्हय येशी, माले काय सपन पडस?"

यावर भाऊने तोडगा काढला. सामान बांधायच्या आधी तो शेवटची रेकॉर्ड म्हणून सनईची लावू लागला. आसपासच्या तीन-चार गावांतून, वारा आमच्या बाजूला असला तर, भोंग्याचा आवाज आमच्या गच्चीपर्यंत यायचा. तुटक यायचा, मधेच बुडायचा, पण यायचा. सनई ऐकू आली की मी पुस्तक मिटायची आणि जिन्यातून ओरडायची, "आई, भाऊ निंघना!" निंघना म्हणजे निघाला. आई खापर चुलीवर ठेवायची. खापर नीट तापायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात बैलगाडी दाराशी येऊन उभी राहायची.

आता, सनई काय, प्रत्येक लग्नात वाजते. ती आपलीच हे कशावरून? तर उडीवरून. त्या रेकॉर्डला एक चरा होता. तिसऱ्या मिनिटाच्या आसपास सूर वर वर चढू लागायचा, आता शेवटची एकच पायरी राहिली असं वाटायचं आणि तिथे पिन खर्रकन उडायची. सनई एकदम खाली, अंगणात येऊन चालायला लागल्यासारखी. लग्नात अशी रेकॉर्ड लावणं शोभत नाही म्हणून भाऊने तीच सनई पुढे दोनदा नवी आणली. मांडवात नवी वाजे. निघताना मात्र जुनीच. "ती वाजली नाही तर आई खापर ठेवत नाही," तो म्हणायचा.

चरा पडला कसा, हे त्याने प्रत्येकाला वेगळं सांगितलं होतं. कोणाला सांगितलं, शेळीने पाय दिला. कोणाला सांगितलं, नवरीच्या आत्याने रागाने बांगडी मारली. एकदा तर पाहुण्यांसमोर माझ्यावर घातलं: "आमची बाई रेकॉर्डसुद्धा वाचायला बघत होती. नखाने ओळ धरून." आमच्या आळीत ती सनई तोंडाने म्हणणारे सगळे जण उडीसकट म्हणत. कोणाला त्यात काही चुकतंय असं वाटत नसे.

मलाही नाही. पुढे मी धुळ्याला कॉलेजात शिकत होते, तेव्हा वसतिगृहामागच्या मैदानात एका लग्नात तीच सनई लागली. मी खिडकीत उभी राहिले. सूर चढत गेला आणि जिथे उडायचा तिथे उडालाच नाही. सरळ वर जाऊन उभा राहिला, बराच वेळ. माझ्या मनात आलं, कोण हा आगाऊपणा करतोय! नंतर माझं मलाच हसू आलं. पण त्या दिवशी घरची आठवण आली ती त्या पूर्ण सुरामुळेच.

मग कॅसेट आल्या. त्यांच्यामागून सीडी, आणि नंतर भिंतीएवढे स्पीकर लावून गाड्या वरातीपुढे चालायला लागल्या. भाऊने भोंगे एका देवळाला देऊन टाकले. मशीन गंजलं. रेकॉर्ड तेवढ्या पत्र्याच्या पेटीत भरून खाटेखाली सरकवल्या. दर दिवाळीला वहिनी विचारायची, "हाई भंगार कव्हय जाई?" आणि भाऊ दर वर्षी म्हणायचा, "मना संगे." म्हणजे माझ्याबरोबर.

तीनेक वर्षांपूर्वी भाग्यश्री, भाऊची मुलगी, पुण्याहून आली ती बातमी घेऊनच. ती तिथे नोकरी करते. म्हणाली, "पप्पा, लोक परत रेकॉर्ड घ्यायला लागलेत. नव्या छापून येतात. दुकानं निघालीत."

"कोण घेस?"

"आमच्याच वयाचे. माझ्या दोन मैत्रिणींकडे आहेत."

"त्यासना मोबाईल बिघडी गयात का?"

ती हसली, मग तिने समजावून सांगितलं. फोनमध्ये जगातली सगळी गाणी आहेत, म्हणूनच एकही पुरतं ऐकून होत नाही. बोट पुढे पळतं. रेकॉर्ड लावली की बसावं लागतं. बाजू संपली की उठून उलटावी लागते. तेवढ्या वेळात माणूस त्या गाण्याचा असतो. भाऊने सगळं ऐकून घेतलं आणि वहिनीकडे वळून म्हणाला, "आयक! तीस वरीस आमी बसनूत, उठनूत, त्याले आते फॅशन म्हणतंस." त्या संध्याकाळी त्याने पेटी ओढली, जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेतला आणि एकेक रेकॉर्ड पुसत बसला. सनईच्या तिन्ही रेकॉर्ड त्याने एकत्र ठेवल्या. ओळखू यावं म्हणून जुनीच्या लेबलवर पेनाने एक शब्द लिहिला: निघालो.

गेल्या वर्षी भाग्यश्रीने नवं मशीन घेतलं. आखाजीला आणते म्हणाली. भाऊने फोनवर तिला तीनदा विचारलं, पिन नवी आहे ना. मला फोन करून म्हणाला, "बाई, या आखाजीला लवकर ये. गच्चीवर बस. मी खालून वाजवतो, बघू तुला ऐकू येतं का."

आणि चैत्रात तो गेला.

यापुढचं लिहिताना माझा हात थांबतो, कारण वहिनीला दोष दिल्यासारखं होऊ नये. सुतक फिटलं की आमच्याकडे घर धुतात. माणूस ज्या घरात गेला तिथलं वापरातलं सगळं धुऊन निघायला हवं: भांडी, गोधड्या, खाट, देव. वहिनी त्या दिवशी पहाटेपासून धूतच होती. तिला थांबवायची कोणाची छाती नव्हती. हात थांबले तर ती खाली बसेल हे सगळ्यांना दिसत होतं. दुपारी मी कपड्यांच्या घड्या घेऊन गच्चीवर गेले. गच्चीभर, वाळवण घालावं तशा, जुन्या साडीवर रेकॉर्ड मांडल्या होत्या. साठच्या साठ. तिने त्या सोड्याच्या पाण्यात भिजवल्या होत्या आणि काथ्याने घासल्या होत्या. मधले गोल कागद भिजून, घासून निघून गेले होते. एकाही रेकॉर्डवर नाव नव्हतं. पश्चिमेच्या भिंतीकडच्या ज्या होत्या त्यांच्या कडा उन्हाने पापडासारख्या वळू लागल्या होत्या.

मी त्या सावलीत ओढायला लागले. वहिनी वर आली. "त्यासना जीव व्हता त्यामा," ती म्हणाली. "त्या तश्याच सुतकमा कश्या ठेवू?" मग तिने माझ्या हातातली रेकॉर्ड पाहिली. उलटून पाहिली. "ताई, यामा निघालो कोणती शे?"

मी ती उजेडात तिरपी धरून चरा शोधला, पण काथ्याचे ओरखडे तिच्याभर होते.

त्यानंतर वहिनी भाऊच्या खोलीत जाईनाशी झाली. स्वयंपाकघरात उभ्यानेच दोन घास खायची. भाग्यश्रीने तिला समजवायला फोन काढला, ती सनई शोधली. शोधली म्हणेपर्यंत सापडली. तळहातावर ठेवून तिने ती वाजवली. स्वच्छ, एकही खरखर नाही, आणि तिसऱ्या मिनिटाला सूर सरळ वर. वहिनीने शेवटपर्यंत ऐकून घेतली. "चांगली शे," ती म्हणाली. "पन हाई ती नही." आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मी त्यासले दुसऱ्यांदा मारं."

मी आयुष्यभर ग्रंथालयात काम केलं. दर उन्हाळ्यात पुस्तकांची मोजदाद व्हायची आणि त्याआधी आम्ही रबर घेऊन बसायचो. वाचणाऱ्यांनी समासात पेन्सिलीने काही लिहिलेलं असे: एखादी खूण, एखादं "खरं आहे", एखादं नुसतं नाव. ते पुसून पान कोरं करणं हा माझ्या कामाचा भाग होता, आणि मी ते नीट करायची. किती माणसं पुसली असतील. त्या रात्रीपासून मला वहिनीच्या हातातला काथ्या आणि माझ्या हातातलं रबर वेगळं काढता येईना. दोघींनी स्वच्छच केलं होतं. हे मी तिला सांगितलं. तिने ऐकलं, पण पुस्तकं पुसल्याने नवरा जात नाही, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

आखाजीला भाग्यश्री मशीन घेऊन आली. वहिनीने पुरण वाटलं होतं, घागर भरली होती, पण मांडे करायचे नाहीत असं तिने आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. नैवेद्यापुरत्या तव्यावरच्या चार पोळ्या. "मांडा कोनासाठी? मी गार खास." खास म्हणजे खाते. खापर कोठीत पालथंच राहिलं.

मधल्या खोलीत आम्ही मशीन मांडलं. भाग्यश्री, मी आणि काठी टेकत आलेले दगडू नाना. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत बसली, आमच्याकडे पाठ करून. बाहेर मुली झोक्यावर गात होत्या. नाना म्हणाले, "नाव लागत नही माले. वाजाड, मी सांगस." आणि खरंच सांगू लागले. पिन टेकली, दोन सूर आले की नाना गाण्याचं नाव नव्हे, लग्न सांगायचे. ही तमक्या पाटलाच्या थोरलीच्या लग्नात लावली होती, वादळ आलं आणि मांडव उडाला. ही वाजत असताना वऱ्हाडात वरणावरून भांडण झालं. काथ्याने घासलेल्या सगळ्या रेकॉर्डमधून आता तीळ तडतडल्यासारखा आवाज येत होता. भाग्यश्री प्रत्येक रेकॉर्डवर नव्या कागदाची चिठ्ठी चिकटवत होती.

मग तिच्या लक्षात आलं. मधल्या गुळगुळीत भागात, कागदाच्या कडेला, प्रत्येक रेकॉर्डवर बारीक नंबर कोरलेला असतो. तो पाण्याने जात नाही. तिने उरलेल्या रेकॉर्डांवर फोनचा उजेड तिरपा धरला आणि सारख्या नंबरच्या तीन बाजूला काढल्या. "आत्या, सनई या तीन. पण पप्पांची यातली कोणती ते नंबर सांगणार नाही. ते वाजवूनच."

पहिली लावली. सूर चढला, आणि वर जाऊन उभा राहिला. नवी होती ती. नानांनी नकाराची मान हलवली.

दुसरी पश्चिमेच्या भिंतीकडची होती. मशीनवर ती होडीसारखी डुलायला लागली. पिन दोन फेरे तग धरून बाहेर फेकली गेली. भाग्यश्रीने पुन्हा ठेवली. पुन्हा फेकली गेली. उंबऱ्याच्या आत वहिनीच्या हातातली पळी वाजली, तेवढीच. ही तीच असली तर आता कधीच कळणार नव्हतं.

भाग्यश्रीने तिसरी उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लाव."

सनई सुरू झाली. तडतड पुष्कळ होती. कड थोडी वळलेली, त्यामुळे सूर किंचित हेलकावत होता, वाऱ्यावरून आल्यासारखा. मी आयुष्यात ती सनई जवळून फार कमी ऐकली होती; गच्चीवर ती अशीच यायची. सूर चढू लागला. नाना काठीवर पुढे झुकले. झोक्यावरच्या मुली मधेच का थांबल्या कोण जाणे. एक पायरी, आणखी एक, आता शेवटची.

खर्रकन पिन उडाली. सनई खाली आली आणि अंगणातून चालू लागली.

नाना काठीवरून मागे सरले. मग ते खाली बघत बोलले. "ती मी पाडेल व्हती. बिडी पेटाडाले गऊ आनी हातमाईन सुटनी. चाळीस वरीस व्हयनात. तुन्हा भाऊनी कोनले सांगं नही."

"शेळी सांगितली त्याने," मी म्हटलं.

"शेळी सांगी, आत्या सांगी, तू सांगी. पन मनं नाव नही सांगं."

भाग्यश्री हसता हसता रडायला लागली. तिच्या आवाजाने मी उंबऱ्याकडे पाहिलं. वहिनी तिथे नव्हती. कोठीत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत खापर होतं. आमच्याकडे न बघता ती परसात चुलीकडे गेली. मी मागे गेले. तिने काटक्या सारल्या, खापर उपडं ठेवलं, पदराने त्याच्यावरची धूळ पुसली.

"वहिनी?"

"ते निंघनात ना," ती म्हणाली. "खापर तपाले वेळ लागस."

त्या दिवशी अकरा मांडे झाले. पहिला घागरीपुढे ठेवला, त्याची वाफ निघत होती. दुसरा वहिनीने चुलीशीच बसून खाल्ला, गरम.

बाकीच्या रेकॉर्ड भाग्यश्री पुण्याला घेऊन गेली. जुनं मशीन गंजलेलंच आहे. नवं तिने आईजवळ ठेवलं आणि स्वतःला दुसरं घेतलं. या आखाजीला मी दोन दिवस आधी जाणार आहे. वहिनीचा काल फोन आला होता, येताना जळगावची घागर आणू नको, इथली चांगली वाजते.

भाऊच्या खोलीत आता एक मशीन आहे आणि एक रेकॉर्ड. रेकॉर्डवर नाव नाही. तिसऱ्या मिनिटाला ती उडते.